झोन मोजण्याआधी बाटलीत काय आहे ते बघा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या लॅबच्या दारात पोरं यायची. "काकू, आविष्कार स्पर्धेला प्रोजेक्ट द्यायचाय. तुळशीच्या तेलानं बॅक्टेरिया मरतात, एवढं दाखवायचंय. आठ दिवस आहेत." खानदेशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी ३१ वर्षं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होते. प्राध्यापक बदलले, अभ्यासक्रम बदलला, हे वाक्य काही बदललं नाही. आता निवृत्त झाले तरी ओळखीतली पोरं फोन करतातच. म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवते: तेल कसं काढायचं, बाटलीत काय आहे ते कसं ओळखायचं, आणि मग झोन, म्हणजे तेल लावलेल्या कागदी टिकलीभोवती (डिस्कभोवती) जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, कसा मोजायचा.

पहिली गोष्ट, आठ दिवस असतील तर तुळस घेऊ नका. ताज्या तुळशीच्या पाल्यात तेल फारच कमी असतं. अर्धी गोणी पाला उकळूनही हातात एक-दोन मिली येतं आणि आख्खा आठवडा त्यातच जातो. ओवा घ्या. शंभर ग्रॅम ओव्यातून दोन ते चार मिली तेल निघतं, ओवा किराणा दुकानात मिळतो आणि सोलायचा-निवडायचा त्रास नाही. दुसरं तेल हवं असेल तर गवती चहा घ्या. कुणाच्या ना कुणाच्या परसात त्याचं बेट असतंच.

दुसरी गोष्ट, वनस्पती ओळखून घ्या. हे वाक्य सगळे मान डोलावून ऐकतात आणि विसरतात. एका वर्षी दोन मुलींनी शेतातून तुळस म्हणून जे आणलं तो सब्जा होता. दोन्ही एकाच कुळातली, पण तुळशीत युजेनॉल किंवा मिथाइल युजेनॉल भरपूर असतं, आणि सब्जात बहुतेकदा लिनालूल किंवा मिथाइल चॅव्हिकॉल. निघणाऱ्या तेलाचे घटक मुळातच वेगळे. म्हणून फांदी आधी वनस्पतिशास्त्र विभागात न्या, नाव लिहून घ्या आणि एक फांदी दाबून, वाळवून हर्बेरियम शीटवर लावून ठेवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येतो.

एवढंच कशाला, आमच्या भागातला रोशा बघा. त्याला तिखाडीही म्हणतात. एकच गवत, त्याचे दोन प्रकार: मोतिया आणि सोफिया. माळावर शेजारी शेजारी उभे असले तर माझ्यासारखीला फरक कळत नाही. पण मोतियाच्या तेलात तीन-चतुर्थांशाहून जास्त जिरॅनिऑल, गुलाबासारखा वास. सोफियाचं तेल हलकं समजतात, वासच वेगळा. एके काळी खानदेश-निमाडातलं रोशाचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथून गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून वापरलं जायचं. व्यापारात त्याचं नावच पडलं 'टर्किश जिरेनियम'. गवत इथलं, नाव तिकडचं, आणि बाटलीवर गुलाब! म्हणून मला लेबलाचा भरवसा वाटत नाही.

तेल काढणं

त्यासाठी लागतं क्लेव्हेंजर. जे. एफ. क्लेव्हेंजर यांनी १९२८ साली मांडलेलं हे काचेचं उपकरण आजही तसंच वापरतात. खाली गोल बुडाचा फ्लास्क, वर कंडेन्सर आणि मध्ये खुणा केलेली नळी, जिच्यात तेल साठतं आणि पाणी परत फ्लास्कमध्ये जातं.

ओवा जाडसर कुटा. खलबत्त्यात चार ठोके बास. मिक्सरला बारीक केलात तर दळतानाच वास उडतो, म्हणजे तेलच उडतं. शिवाय बारीक पूड उकळताना फेसाळून वर चढते आणि नळीत चिखल होतो. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम ओवा, एक लिटर पाणी, चार-पाच पोर्सिलेनचे तुकडे. हे तुकडे विसरलात तर पाणी एकदम उसळतं. फ्लास्क अर्ध्याच्या वर भरायचा नाही. हीटिंग मँटल (फ्लास्क तापवायची विजेची शेगडी) आधी जोरात ठेवा, उकळी फुटली की कमी करा. कंडेन्सरमधून मिनिटाला दोन-तीन मिली पडेल एवढीच आच हवी.

पोरं विचारतात, "काकू, ओव्याच्या तेलातलं मुख्य थायमॉल तर २३२ अंशाला उकळतं, मग १०० अंशाच्या आत वर कसं येतं?" चांगला प्रश्न आहे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांच्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे धरला जातो. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं. तेलाचा वाटा लहान असला तरी ती बेरीज १०० अंशाच्या जरा अलीकडेच पूर्ण होते. म्हणून तेल न करपता वर येतं.

पहिल्या पंधरा मिनिटांत नळीत पिवळसर थर दिसू लागतो. तेवढ्यावर उठू नका. तीन तास चालू ठेवा, आणि अर्ध्या तासात थर वाढला नाही तरच बंद करा. माझ्या हातून बहुतेक वेळा अडीच-तीन मिली निघालं आहे. तेल काढून त्यात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाका, म्हणजे राहिलेलं पाणी शोषलं जाईल, आणि तपकिरी बाटलीत भरा. बाटली लहान घ्या, गळ्यापर्यंत भरेल अशी. अर्ध्या रिकाम्या बाटलीत वर हवा राहते आणि तेल त्या हवेनं बिघडतं. ओव्याच्या तेलातलं गॅमा-टर्पिनिन हवेशी संयोग होऊन हळूहळू पॅरा-सायमीन होत जातं.

गवती चहाचं पातं सकाळी कापा, सावलीत रात्रभर पसरून ठेवा, मग दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. सुकलं की त्यातलं पाणी कमी होतं आणि फ्लास्कमध्ये जास्त पातं बसतं. उन्हात मात्र घालू नका. ३०० ग्रॅम ताज्या पात्यातून एक मिलीच्या आसपास तेल येतं. तेवढं पुरतं.

लवंगेचं तेल काढायचं असेल तर आधी उपकरणाकडे नीट बघा. ओव्याचं, गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं. लवंगेचं पाण्यापेक्षा जड, घनता साधारण १.०५. क्लेव्हेंजर दोन प्रकारचे मिळतात, हलक्या तेलाचं आणि जड तेलाचं. हलक्याच्या नळीत जड तेल खाली बसतं आणि पाण्याबरोबर मुकाट्यानं फ्लास्कमध्ये परत जातं. आमच्याकडे एका मुलानं चार तास लवंग उकळली, लॅबभर वास सुटला आणि नळीत थेंबही नाही. त्याला वाटलं लवंग जुनी असणार. दुसऱ्या दिवशी नवी लवंग आणून पुन्हा चार तास. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. लवंगेचे भाव बघता ते उपकरण आणखी कुणाला देण्याआधी मीच चिठ्ठी चिकटवली: 'फक्त हलकं तेल'.

बाटलीत नेमकं काय आहे

हा भाग पोरं गाळतात आणि मी इथेच अडून बसते. तेल काढलं की लगेच पेट्रीप्लेट मागायची घाई असते. पण 'ओव्याचं तेल' हे काही रसायनाचं नाव नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल ३५ ते ६० टक्के असू शकतं. उरलेल्यात मुख्यतः पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनिन. हे दोघं जिवाणूंचं फारसं काही वाकडं करत नाहीत. मग ३५ टक्क्यांच्या तेलाचा झोन आणि ६० टक्क्यांच्या तेलाचा झोन सारखा कसा येईल? आणि टक्का माहीत नसताना झोन मोजला तर तुम्ही नक्की काय मोजलं?

जीसी-एमएस, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा करून ओळखणारं यंत्र, असेल तर प्रश्नच नाही. पण ते तालुक्याच्या कॉलेजात नसतं, बाहेर पाठवलं तर पैसे लागतात आणि निकाल यायला वेळ. तोवर जुन्या लोकांची पद्धत आहे, आणि ती अजूनही चोख आहे. तिला कॅसिया फ्लास्क लागतो, लांब, खुणा केलेल्या मानेचा. आमच्या कपाटात दोन होते, कुणी हात लावत नसे, मी पुसून ठेवायची. त्या फ्लास्कला १० मिली तेल लागतं. पोरांकडे तेवढं नसतं म्हणून आम्ही तीच युक्ती १० मिलीच्या, बूच असलेल्या, खुणांच्या नळीत करायचो.

ओव्याच्या किंवा लवंगेच्या तेलाला अशी करा. नळीत बरोबर १ मिली तेल, त्यावर ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ८ मिली. बूच लावून पाच मिनिटं जोरात हलवा, मधेमधे बूच सैल करा, मग उभी ठेवा. थायमॉल आणि युजेनॉल दोन्ही फिनॉल, ते अल्कलीत मीठ होऊन विरघळतात. सायमीन, टर्पिनिन अशी टर्पिनं विरघळत नाहीत, ती वर तरंगतात. वर किती थर उरला ते वाचा. ०.४५ मिली उरला तर फिनॉल साधारण ५५ टक्के. एक मिलीवर चार-पाच टक्के इकडेतिकडे होणारच, ते वहीत तसंच लिहा. तेल जास्त असेल तर कॅसिया फ्लास्कमध्येच करा, तिथे चूक बरीच कमी होते. हातमोजे आणि चष्मा घाला. अल्कली डोळ्यात उडाली तर तेलाचं राहू द्या, डोळ्याची पडेल.

गवती चहासाठी अल्कली उपयोगाची नाही, कारण त्यात मुख्य आहे सिट्रल, आणि सिट्रल अल्डिहाइड आहे. खरं तर ते एक नाही, जिरॅनिअल आणि नेरल अशी जोडी आहे. लिंबाचा वास येतो तो यांचाच. इथे १ मिली तेल आणि ९ मिली ३० टक्के सोडियम बायसल्फाइट घ्या. हलवल्यावर आधी पांढरा गोळा होतो. घाबरू नका, नळी गरम पाण्यात ठेवून हलवत राहा, तो विरघळतो. वर उरेल ते सिट्रल नसलेलं. चांगल्या गवती चहात सिट्रल ६५ ते ८५ टक्के असतं. हे फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात करा, सल्फर डायऑक्साइडचा वास नाकात गेला की खोकला थांबत नाही.

याच्या जोडीला टीएलसी लावा, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, तिच्यात तेलाचे घटक प्लेटवर वेगवेगळे होतात. सिलिकाची प्लेट, टोल्युइन ९३ भाग आणि इथाइल अॅसिटेट ७ भाग. तेल थेट ठिपक्यात लावू नका, टोल्युइनमध्ये दहापट पातळ करा, नाहीतर ठिपका शेपटीसारखा लांबतो. शेजारी शुद्ध थायमॉल आणि युजेनॉल लावा. वर व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्ल फवारून ११० अंशाला पाच-सात मिनिटं तापवा. थायमॉल लालसर, युजेनॉल पिवळट-तपकिरी, सिट्रल निळसर-जांभळं. प्लेटवर रंग उमटायला लागले की सगळ्या लॅबमधली पोरं तिथे गोळा होतात. रसायनशास्त्र आवडायला लावणारं एवढं एकच दृश्य मला माहीत आहे, बाकी सगळं भांडी घासणं. फवारा मात्र हूडमध्येच मारा.

बाजारातून आणलेलं तेल असेल तर आणखी एक सोपी तपासणी. कोऱ्या फिल्टर पेपरवर एक थेंब टाका आणि सोडून द्या. खरं बाष्पनशील तेल काही तासांत उडून जातं, डाग राहत नाही. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाण्याचं किंवा दुसरं कुठलं तरी स्थिर तेल मिसळलंय. दुकानात 'शुद्ध' लिहून विकलेली एक बाटली आम्ही अशी तपासली होती. तो डाग आठवडाभर जागचा हलला नाही.

आणि आता माझी आवडती गोष्ट. एका पोराचं ओव्याचं तेल फार छान निघालं होतं, फिनॉल ५५-५६ टक्के. पहिल्या आठवड्यात झोन उत्तम आले. मग जानेवारीची थंडी पडली, बाटली फ्रीजमध्ये, आणि तीन आठवड्यांनी परत केलं तर झोन निम्म्यावर. त्यानं मुद्दा लिहूनही टाकला: 'साठवणुकीत तेलाची क्रियाशीलता घटते.' मी बाटली हातात घेतली तर तळाला पांढरे खडे. म्हटलं, हे काय रे? "मीठ बसलंय काकू, सोडियम सल्फेट असेल. मी वरचं वरचं स्वच्छ तेल घेतलं."

ते मीठ नव्हतं. ते ओव्याचं फूल होतं. थायमॉल ५० अंशाच्या आसपास वितळतं, गारठ्यात तेलातून सुटून त्याचे स्फटिक तळाला बसले होते. पोरानं औषध टाकून पाणी प्यायल्यासारखं केलं होतं. घरी अमृतधारा करताना हेच ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर बाटलीत एकत्र हलवतात आणि तिन्ही कोरडे पदार्थ मिळून द्रव होतात. त्याच्या आजीला हे माहीत असणार. बाटली ५० अंशाच्या पाण्यात ठेवली, खडे विरघळले, हलवलं, परत डिस्क लावली आणि झोन पहिल्यासारखा आला. तेव्हा फ्रीजमधून काढलेली बाटली आधी उजेडात धरा. तळाशी खडे दिसले तर कोमट पाण्यात ठेवा, नीट हलवा आणि मगच मायक्रोपिपेट बुडवा.

जिवाणूंपुढे ठेवणं

हे काम रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये करू नका आणि घरी तर मुळीच नाही. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, तिथल्या सरांच्या देखरेखीखाली करा. नाल्यातलं पाणी नाहीतर जखमेचा पू आणून 'नैसर्गिक' जिवाणू वाढवायचा उत्साह एकदा एकानं दाखवला होता, तो सरांनी जागेवरच मोडून काढला. ओळखीचे जिवाणू घ्या: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय. विभागात एटीसीसी या अमेरिकेतल्या जिवाणू-संग्रहाचे २५९२३ आणि २५९२२ या क्रमांकाचे मिळाले तर उत्तम, कारण जगभर तुलनेसाठी तेच वापरतात.

डिस्कची पद्धत बावर आणि कर्बी यांची, १९६६ सालची. तेव्हापासून मूळ रीत तीच आहे. म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं खाद्य), नव्वद मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिली, म्हणजे थर चार मिलिमीटरचा येतो. थर पातळ झाला तर झोन फुगतो, जाड झाला तर आक्रसतो. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या प्रमाणाएवढं गढूळ हवं. ते प्रमाण लॅबमध्येच करता येतं: १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं द्रावण ०.०५ मिली. हलवलं की बारीक पांढरट गढूळपणा येतो. दोन्ही नळ्या पट्ट्या छापलेल्या कार्डासमोर धरून जुळवा.

डिस्क विकत आणायची गरज नाही. व्हॉटमन नंबर १ चा कागद, ऑफिसमधलं पंचिंग मशीन, भोक साधारण सहा मिलिमीटरचं पडतं. त्या टिकल्या काचेच्या बाटलीत घालून ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा, आणि वाळवा. पंच करायला कंटाळा येतो, म्हणून हे काम गप्पा मारताना करायचं.

डिस्कवर १० मायक्रोलिटर तेल. पातळ करायचं असेल तर डीएमएसओ हे द्रावक वापरा. अल्कोहोल वापरलंत तर ते उडेपर्यंत थांबा. एका मुलीनं ओल्या डिस्क तशाच ठेवल्या आणि नुसत्या अल्कोहोलच्या डिस्कलाही झोन आला. तिनं ती डिस्क लावली होती म्हणून चूक सापडली, हे तिचं कौतुक. म्हणून प्रत्येक वेळी एक डिस्क फक्त द्रावकाची, एक जेंटामायसिन या अँटिबायोटिकची, १० मायक्रोग्रॅमची. आणि तीन-तीन प्लेट्स करा. एका प्लेटवरचा आकडा वहीत लिहायलाही मी देत नसे.

दोन तेलं एकाच प्लेटवर ठेवू नका. हे पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून सगळे ठेवतात. आम्ही एकदा ओवा, गवती चहा, नीलगिरी आणि द्रावक अशा चार डिस्क एका प्लेटवर ठेवल्या. सकाळी बघतो तर प्लेट कोरी, जिवाणूच नाहीत! पोरगा म्हणाला, तिन्ही तेलांनी मारले. तीन नाही रे, एका ओव्यानं. थायमॉल अगारमधून तर पसरतंच, पण वाफ होऊन झाकणाखालच्या हवेतून सगळ्या प्लेटवर जातं. द्रावकाच्या डिस्कभोवतीही काही वाढलं नव्हतं, त्यावरूनच कळायला हवं होतं. तेव्हापासून एक प्लेट, एक तेल. इनक्युबेटरमध्ये एकाच रॅकवर वेगवेगळी तेलं रचायची नाहीत, प्लेटभोवती पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) गुंडाळायची.

याच कारणानं झोनचा आकडा जपून वापरा. तेल पाण्यात विरघळत नाही, अगारमध्ये नीट पसरत नाही, वर उडून जातं. मोठा झोन म्हणजे जोरदार तेल असं सरळ नाही. खरं बघायचं तर नळ्यांत दुपटीनं पातळ करत जा: २ टक्के, १, ०.५, ०.२५, ०.१२५. मटणाच्या रस्श्यावर तर्री तरंगते तसं तेल ब्रॉथवर, म्हणजे नळीतल्या जिवाणूंच्या पातळ खाद्यावर, तरंगतं. म्हणून त्यात ट्वीन ८० अर्धा टक्का किंवा ०.१५ टक्के अगार घाला, म्हणजे थेंब विखुरलेले राहतात. दुसऱ्या दिवशी गढूळपणा नसलेल्या नळ्यांपैकी सगळ्यात कमी तेलाची जी, ती खालची मर्यादा, तिलाच एमआयसी म्हणतात. तेलामुळेच नळी धूसर दिसत असेल तर रेसाझुरिन हा रंग घाला. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर जिवाणू जिवंत आहेत. स्वच्छ दिसणाऱ्या नळ्यांतला थेंब साध्या अगारवर फिरवून बघायला विसरू नका. वाढ थांबणं आणि जिवाणू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता एक गणित, जे मी प्रत्येक पोराला फळ्यावर करायला लावायची. ओव्याच्या डिस्कचा झोन २२ मिलिमीटर, जेंटामायसिनचा २० आला. लगेच शीर्षक तयार: 'ओवा अँटिबायोटिकपेक्षा प्रभावी'. थांबा. डिस्कवर १० मायक्रोलिटर तेल म्हणजे जवळजवळ ९ मिलिग्रॅम, म्हणजे ९००० मायक्रोग्रॅम. जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम. नऊशे पट माल टाकून दोन मिलिमीटर जास्त मिळाले. आता शीर्षक परत लिहा.

हे होतं कसं

तोंडी परीक्षेला लागेल तेवढं सांगते. जिवाणूच्या पेशीला आत एक पातळ चरबीदार पडदा असतो. आतलं पोटॅशियम, आतली ऊर्जा सांभाळण्याचं काम त्याचं. थायमॉल, युजेनॉल यांना चरबी आवडते, ते पडद्यात शिरतात, आणि त्यांच्या अंगावरच्या ओएच गटामुळे पडदा गळायला लागतो. आतलं बाहेर वाहतं, पेशी दमते, मरते. पॅरा-सायमीन एकटं फारसं काही करत नाही, पण ते पडदा फुगवतं आणि फिनॉलला आत शिरायला वाट करून देतं. म्हणून नुसतं थायमॉल आणि अख्खं तेल यांची तुलना हाही एक चांगला प्रोजेक्ट आहे, कुणी करत नाही.

स्टॅफिलोकोकसवर झोन मोठा आणि ई. कोलायवर लहान आला तर चूक शोधू नका. ई. कोलाय ग्राम-निगेटिव्ह, त्याला बाहेरून आणखी एक आवरण आहे, त्यावरच्या शर्करायुक्त थरामुळे तेलासारख्या गोष्टी सहज आत जात नाहीत. स्यूडोमोनास तर आणखी चिवट. ओव्यानं त्याच्यावर काही केलं नाही म्हणून एक मुलगी रडायला आली होती. तिला सांगितलं, हाच निकाल लिही, तो खरा आहे.

साधारण क्रम लक्षात ठेवा: फिनॉल आणि अल्डिहाइड पुढे, म्हणजे थायमॉल, युजेनॉल, सिट्रल, दालचिनीच्या सालीतलं सिनॅमाल्डिहाइड. मधे जिरॅनिऑलसारखी अल्कोहोलं. लिमोनिन, सायमीन ही नुसती हायड्रोकार्बनं शेवटी. नीलगिरीतलं सिनेऑल नाकाला जोरदार वाटतं, पण प्लेटवर ओव्यापुढे फिकं पडतं. वासावरून अंदाज बांधू नका.

आणि हे निकाल पेट्रीप्लेटचे आहेत, पोटाचे नाहीत. घरी जाऊन आजोबांना तेलाचे थेंब पाजू नका. नीलगिरीचं तेल आणि कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात. निव्वळ थायमॉल कातडी जाळतं, माझ्या बोटावर एकदा फोड आला आहे.

आवरताना सगळ्या प्लेट्स, डिस्क, नळ्या १२१ अंशाला, १५ पौंड दाबावर ऑटोक्लेव्ह करून मगच टाकायच्या. जिवाणू मेलेले दिसले तरी. क्लेव्हेंजर आधी पाण्यानं, मग अॅसिटोननं धुवा आणि उघडं वाळू द्या. बर्नर जवळ नको. त्याची वाकडी बाजूची नळी धरून उचललं तर तिथेच तुटतं, ती जोडायला काचकाम करणारा जिल्ह्याच्या गावातही मिळेल याची खात्री नाही. बाटलीवर वनस्पतीचं नाव, कोणता भाग, कुठून आणला, कधी काढलं, किती टक्के फिनॉल किंवा सिट्रल, एवढं लिहा. नुसतं 'ओवा तेल' लिहिलेल्या बाटल्या मी निवृत्तीच्या दिवशी अकरा मोजल्या, सगळ्या फेकाव्या लागल्या.

कितीही धुतलं तरी ओव्याचा वास त्या काचेतून दोन-तीन दिवस जात नाही, आणि पुढच्या तेलात उतरतो. म्हणून एकाच उपकरणात सगळी तेलं काढायची असतील तर गवती चहा आधी लावा, रोशा नंतर, आणि ओवा सगळ्यात शेवटी.